मोटारसायकलीच्या इंजिनास घरच्या घरी रंग : तयारी, लेपन व भाजणी

शेतकऱ्याच्या घरी हल्ली जी यंत्रे नांदतात त्यांत मोटारसायकलीइतके राबणारे दुसरे क्वचितच असेल. पहाटे दुधाची किटली, दुपारी खताची गोणी, सायंकाळी तालुक्याच्या गावचा बाजार, अशी तिची त्रिकाळ चाकरी चालू असते. असे असून पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे हौसेने रंगविणारे आपण लोक ह्या मुक्या चाकराकडे ते बंद पडेपर्यंत पाहत नाही. पाहिलेच तर टाकी व मडगार्ड पुसून घेतो. इंजिनावर तेल, माती व भुसा ह्यांचे जे पुट चढते तो यंत्राचा स्वाभाविक वर्णच आहे असे समजून सोडून देतो. इंजिन स्वच्छ करून त्यास घरच्या घरी रंग कसा द्यावा, कोणता द्यावा, कोठे देऊ नये आणि ह्या कामात यंत्रास व माणसास धोका कोठे आहे, ह्याचा क्रमवार विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. रंग देणे ही पेरणी होय. त्यापूर्वीची सफाई ही मशागत होय. हरळी व लव्हाळा तसाच ठेवून त्यावर उत्तम बियाणे टाकणाऱ्याच्या पदरी जे पीक येते, तेच तेलकट इंजिनावर महागडा रंग मारणाऱ्याच्या पदरी येते. ह्या कामाचे सोळा आणे धरले तर चौदा आणे सफाईचे व दोनच आणे रंगाचे. वाचकांनी लेखातील एवढेच वाक्य ध्यानात ठेविले तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.

रंगाचे प्रयोजन

इंजिनास रंग शोभेसाठी देतात हा समज अर्धवट आहे. जुन्या मोटारसायकलींचे इंजिन प्रायः दोन धातूंचे असते. उदाहरणार्थ बुलेट घ्या. इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनी व मद्रास मोटर्स ह्यांच्या भागीदारीने १९५५ साली एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि मद्रासेस बुलेट तयार होऊ लागली. तिच्या जुन्या ३५० वर्गाच्या इंजिनात सिलिंडराचे बॅरल बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असून वरचे हेड व खालची क्रँककेस ही ॲल्युमिनियमची असतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून निघालेल्या जावा व पुढील येझदी गाड्यांतही बॅरल बिडाचेच होते.

आता बीड व ॲल्युमिनियम ह्यांचा स्वभाव भिन्न. लोखंडावर चढणारा गंज सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो व खालचे निरोगी लोखंडही खात जातो. ॲल्युमिनियमवर हवा लागताच जो पातळ पापुद्रा धरतो तो घट्ट असतो व आतल्या धातूचे रक्षण करतो. तात्पर्य, बिडास रंगाची गरज आहे. ॲल्युमिनियमला सामान्यतः स्वच्छता पुरते. म्हणून पूर्वीच्या कारागिरांनी बॅरल काळे रंगवावे व हेड आणि क्रँककेस उघडी राखावी, असा जो प्रघात पाडला तो निव्वळ आवडीनिवडीचा नव्हता. कोणता भाग कशाचा आहे ह्याचा संशय आल्यास लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर लोखंड, न चिकटला तर ॲल्युमिनियम. ह्याहून सोपी परीक्षा नाही.

ॲल्युमिनियमलाही एक शत्रू आहे आणि तो शेतकऱ्याच्याच घरी असतो. पोटॅशसारख्या क्षारयुक्त खतांची धूळ व जनावरांच्या मुताची वाफ ही दोन्ही ह्या धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड आणतात व पुढे त्यास खड्डे पाडतात. गोठ्याच्या पडवीत, खताच्या गोण्यांशेजारी वर्षानुवर्षे उभ्या केलेल्या गाडीच्या क्रँककेसला मात्र रंग देणे हिताचे ठरते. परंतु त्याहून हिताचे म्हणजे तिची जागा बदलणे.

काळ्या रंगाने इंजिन थंड राहते, असे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. ह्यात तथ्यांश आहे. स्कॉटलंडातील शास्त्रज्ञ जॉन लेस्ली ह्यांनी आपले उष्णतेविषयीचे प्रयोग १८०४ साली प्रसिद्ध केले. कढत पाण्याने भरलेल्या धातूच्या चौकोनी भांड्याची एक बाजू काजळाने काळी केली व दुसरी लख्ख घासून ठेवली, तर काळ्या बाजूने कितीतरी अधिक उष्णता बाहेर पडते, असे त्यांस आढळले. परंतु धावत्या मोटारसायकलीची बहुतेक उष्णता सिलिंडरावरील पात्यांमधून वाहणारा वाराच नेतो; किरणरूपाने जाणारा हिस्सा लहान असतो. म्हणून काळ्या रंगापासून फार अपेक्षा करू नये. उलट पात्यांच्या फटींत बसलेली तेल-मातीची लादी वारा अडविते व इंजिनास गोधडीप्रमाणे ऊब देते. रंगाने इंजिन थंड होवो वा न होवो, रंगापूर्वीच्या सफाईने ते निश्चित थंड राहते. जाड थराचा रंगही त्याच गोधडीच्या जातीचा होय. तेव्हा रंग पातळच असावा.

एका इंजिनाची हकीगत

आमच्या परिचयाचे एक बागाईतदार आहेत. त्यांच्या वडिलांनी हळदीच्या पैशांतून बुलेट घेतली होती. वडील निवर्तल्यावर ती चार-पाच वर्षे पडवीत उभी राहिली. पुढे चिरंजीवांस ती चालू करण्याची हौस वाटली, म्हणून इंजिन उतरवून शहरातील एका कारागिराकडे रंगास दिले. त्याने ते न उघडता, भोकांत चिंध्या कोंबून, वाळूचा मारा करून साफ केले व वर रुपेरी रंग दिला. इंजिन चांदीसारखे दिसू लागले. घरी सर्वांस आनंद झाला.

तीन आठवडे लोटले नाहीत तोच आतून खडखड ऐकू येऊ लागली. मिस्त्रीने इंजिन उघडले तो तेलाच्या गाळणीत वाळूचे बारीक कण. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे बुश खरवडून गेलेले, पिस्टनवर उभ्या रेघा व बॅरलची आतली भिंत ओरबाडलेली. चिंध्यांच्या कडेने गेलेल्या चिमूटभर वाळूने हा सर्व अनर्थ केला होता. आम्ही समाचारास गेलो असता बागाईतदार म्हणाले, “भाऊसाहेब, पैसा गेला त्याचे काही नाही. नानांनी पंचवीस वर्षांत तेल बदलायचा एक दिवस चुकवला नाही. आणि आम्ही...” पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

ते इंजिन पुन्हा बांधावयाचे ठरले तेव्हा सफाई व रंग घरीच करावयाचा असा त्यांच्या चिरंजीवांनी निश्चय केला. ते काम आम्ही जाऊन जवळून पाहिले. पुढील विवेचनातील पुष्कळ तपशील तेथला आहे.

वाळूच्या माऱ्याविषयी आणखी एक गोष्ट ह्याच ठिकाणी नमूद करणे अवश्य आहे. वाळू फुटून जी धूळ उडते ती फुप्फुसात बसते व सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग उत्पन्न करते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातील रोगांच्या यादीत त्याचे नाव होते. घरच्या अंगणात काँप्रेसर लावून हा प्रयोग कोणी करू नये. तोंडावर उपरणे बांधल्याने ही धूळ अडत नाही.

इंजिन उघडावे की नाही

ह्याचा नियम सोपा आहे. केवळ रंगासाठी चालते इंजिन उघडू नये. मात्र अन्य कारणाने ते उघडले असेल तर रंगाची संधी दवडू नये. बंद इंजिन चौकटीतून उतरवूनही उत्तम रंगविता येते. उतरविण्यापूर्वी चारी बाजूंनी मोबाईलवर छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट निराळ्या डबीत ठेवून डबीवर चिठ्ठी लावावी आणि एका वहीत क्रमाने नोंद करावी. आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेल्यामुळे हा आग्रह आम्ही धरतो असे कोणी म्हणेल. परंतु इंजिन परत चढविताना उरलेला एक अनोळखी बोल्ट माणसाची झोप उडवितो, हे अनुभवी मिस्त्रीही मान्य करतील.

हंगाम व जागा

रंगासही हंगाम लागतो. पावसाळ्यात हवेतील ओल ताज्या रंगावर बसते व तो धुरकट होतो. आमच्या घाटावरील मुलखात दिवाळीनंतर, रब्बीची पेरणी उरकल्यावर व ज्वारीची खळी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मार्गशीर्ष व पौष हा काळ उत्तम. खळ्याचा भुसा उडू लागला की ओल्या रंगावर तो येऊन बसलाच म्हणून समजावे. ह्या दिवसांत पहाटे थंड धातूवर दव धरते. म्हणून रंगाचे काम सकाळी दहानंतर आरंभावे व उन्हे कलण्यापूर्वी संपवावे.

जागा मोकळी, छपराखालची व वाऱ्याच्या झोताबाहेरची असावी. पेट्रोल व थिनर ह्यांची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत दूरच्या चुलीपर्यंत किंवा देवघरातील समईपर्यंत पोहोचते व भडका उडतो. बंद खोली, स्वयंपाकघराची पडवी व विडी-सिगारेट ही तिन्ही वर्ज्य.

मशागत

पहिली पायरी कोरडी खरवड. बांबूची कामटी घेऊन पात्यांमधील लादी काढावी. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात व बिडाच्या पात्यांचे तुकडे उडतात. बीड कठीण खरे, पण ठिसूळ.

दुसरी पायरी तेल काढण्याची. डिझेलमध्ये ब्रश बुडवून सर्वत्र चोळावे, अर्धा तास भिजू द्यावे व पुन्हा चोळावे. खाली घमेले ठेवून घाण डिझेल त्यात धरावे. विहिरीच्या काठी किंवा पाटाजवळ हे काम कदापि करू नये. पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि फसतात. डिझेल हे स्वतःच एक तेल आहे. ते मागे आपला पापुद्रा ठेवून जाते. म्हणून तिसरी पायरी कढत पाणी व भांडी घासण्याचा पातळ साबण ह्यांची. जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने फटीन् फट धुवावी. तत्पूर्वी इंजिनाची सर्व भोके बंद केलेली असावीत. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याचा उपयोग शक्यतो टाळावा. तो पाणी नको तेथे घुसवितो.

येथे एक धोक्याची सूचना. तेल चटकन निघावे म्हणून कॉस्टिक सोडा वापरण्याची युक्ती कित्येक सांगतात. बिडास त्याने अपाय होत नाही. ॲल्युमिनियमला मात्र तो फेस आणून खातो व त्या क्रियेत पेटणारा हायड्रोजन वायू निघतो. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचे पातेले काळे पडते हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कॉस्टिक सोडा हा त्याचाच कितीतरी तीव्र भाऊबंद होय.

चौथी पायरी गंज व जुना रंग काढण्याची. बिडावर तारेचा ब्रश खुशाल चालवावा. खोल फटींतील गंजास फॉस्फोरिक ॲसिडाचे गंजनाशक लावावे. ते गंजाचे घट्ट, निरुपद्रवी लवणात रूपांतर करते. हातांत रबरी मोजे व डोळ्यांस चष्मा अवश्य. संडास धुण्याचे ॲसिड मात्र वापरू नये. त्याचा अंश मागे राहून गंज दुप्पट जोराने येतो आणि त्याच्या वाफेने त्याच खोलीतील इतर अवजारेही गंजतात. ॲल्युमिनियमवरची पांढरी पूड काढण्यास स्वयंपाकघरातील हिरवी घासणी पुरेशी आहे. त्यावर लोखंडी तारेचा ब्रश फिरविल्यास लोखंडाचे सूक्ष्म कण मऊ धातूत रुततात व पुढे तेथे तांबूस डाग उमटतात.

जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांत, त्यातही यंत्रांच्या रंगांत, शिसे किती असेल ह्याचा भरवसा नाही. तेव्हा पाण्यात बुडवून वापरावयाचा पॉलिश पेपर घ्यावा व घासणी ओलीच करावी. निघालेला चोथा कागदात गुंडाळून टाकावा. लहान मुलांस जवळ फिरकू देऊ नये.

पाचवी पायरी धार देण्याची. अगदी गुळगुळीत धातूवर रंगास पकड मिळत नाही. जो भाग रंगवावयाचा तेवढ्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून चकाकी मोडावी.

आता परीक्षा. स्वच्छ झालेल्या भागावर तांब्याभर पाणी ओतावे. पाणी सर्वत्र अखंड पसरून राहिले तर धातू निर्मळ झाला. त्याचे थेंब थेंब होऊन अळवावरच्या पाण्यासारखे पळू लागले तर तेथे अद्याप तेल आहे. पुन्हा साबण घ्यावा. बागाईतदारांच्या चिरंजीवांनी ही परीक्षा केली तेव्हा तीन वेळा धुतलेले बॅरलही पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झाले, आणि तेही नेमके पात्यांच्या मुळाशी.

परीक्षेनंतर बिडाचा भाग तत्काळ वाळवावा. उघड्या, ओल्या बिडावर काही तासांतच तांबूस झाक येते. उन्हात ठेवून किंवा गरम हवेच्या यंत्राने तो चांगला तापवावा. बिडास सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांत मुरलेले तेल उष्णतेने घामासारखे बाहेर येते. ते थिनरच्या फडक्याने पुसावे, लगेच दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपावे. ह्यानंतर उघडा हात लावू नये; आपल्या बोटांनाही तेल असते.

झाकावयाच्या जागा

ज्या दोन पृष्ठभागांमध्ये पॅकिंग बसते तेथे रंगाचा अंशही नको. सांध्यात सापडलेला रंग उष्णतेने चेपला जातो, बोल्ट ढिले पडतात व तेल गळू लागते. हीच गोष्ट नटाखालच्या बैठकीची. अशा जागांवर मास्किंग टेप लावून कडेने पात्याने नेमका कापावा. आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट पिरगाळून ठेवावेत. प्लगच्या भोकात जुना प्लग बसवावा. कार्बोरेटर व सायलेन्सर ह्यांची तोंडे आणि तेलाच्या वाफेची नळी ह्यांस रबरी बूच किंवा लाकडाची गुडदी घट्ट बसवावी. चिंधी कोंबणे म्हणजे काय हे वर सांगितलेच आहे. बॅटरीची अर्थिंगची तार जेथे इंजिनास लागते ती जागाही उघडी राखावी, नाहीतर रंगानंतर गाडी विजेवाचून रुसून बसते.

सर्वांत महत्त्वाची जागा इंजिन क्रमांकाची. हा क्रमांक म्हणजे वाहनाचा सात-बारा होय. तो नोंदणीच्या दाखल्यात लिहिलेला असतो. गाडी विकताना, आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना, तो वाचून ताडून पाहतात. तेथे पॉलिश पेपर फिरवून अक्षरे पुसट केली किंवा जाड रंगाने बुजविली तर प्रामाणिक मालकासही संशयाच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. त्या जागेवर प्रथम टेप लावावा आणि मगच बाकीच्या कामास हात घालावा.

रंगाची निवड

फाटकास किंवा पाण्याच्या टाकीस लावलेला रुपेरी रंग उरला की तो इंजिनास फासावयाचा, असा खेड्यांतून परिपाठ आहे. तो साधा तैलरंग होय. क्रँककेसवर तो काही काळ टिकेलही. परंतु बॅरल व हेड ह्यांवर, विशेषतः सायलेन्सरच्या तोंडाशी, तो पिवळा पडतो, फुगतो व पापुद्र्यांनी सुटतो. दुसरे असे की तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट फुगते. वाळून ठिसूळ झालेल्या रंगास ही रोजची फूग व संकोच सोसत नाही.

बॅरलकरिता सिलिकोन राळेचा उष्णतारोधक रंग घ्यावा. तो किती अंशांपर्यंत टिकतो हे डब्यावर छापलेले असते. निदान २५० अंश सेल्सियसचा असावा. बिडावर तो प्रायः थेट लावावयाचा असतो. त्याखाली नेहमीचा तांबडा रेड ऑक्साइड प्रायमर लावू नये. खालचा प्रायमर जळतो व वरचा उत्तम रंग त्याबरोबर सुटतो. ॲल्युमिनियमची क्रँककेस रंगवावयाची असल्यास प्रथम त्या धातूकरिता मिळणारा एच प्रायमर पातळसा द्यावा व वर इंजिनाचा रंग द्यावा. प्रायमर व रंग एकाच कारखान्याचे असणे चांगले. पाव लिटर रंग एका बॅरलास पुरून उरतो.

दोन डब्यांतील द्रव मिसळून तयार करावयाचे जे पॉलियुरेथेन रंग मिळतात त्यांची चकाकी मोहक असते. परंतु त्यांच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट नावाच्या द्रव्याने कायमचा दमा जडू शकतो. ते काम योग्य साधने बाळगणाऱ्या कारागिराचे. घरी ते करू नये.

लेपन

ज्यांनी पिकावर औषध फवारले आहे त्यांस फवाऱ्याचे तंत्र नव्याने शिकविण्याचे कारण नाही. वाऱ्याची दिशा पाहावी, हात थांबवू नये, एकाच ठिकाणी पाणी सुटेपर्यंत मारू नये. स्प्रेचा डबा प्रथम चांगला हलवून, वीत-सव्वा वीत अंतरावरून आडवे हात मारावेत. फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. प्रथम पात्यांच्या मुळाशी, वरून, खालून व दोन्ही बाजूंनी तिरपा मारा करावा. मागाहून कडा घ्याव्यात. उलट केल्यास कडांवर रंग साचतो व मुळाशी बीड उघडे राहते, आणि गंज नेमका तेथूनच येतो.

पहिला हात इतका विरळ असावा की खालचा धातू दिसावा. डब्यावर लिहिलेला अवधी जाऊ द्यावा, मग दुसरा, जरूर तर तिसरा. सिलिकोन रंगाचा एक वाळलेला थर सुमारे २० ते २५ मायक्रॉन असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर दोन थर मिळूनही केसाहून पातळच राहतात. ह्याहून जाड झाल्यास तापताना फोड येतात. स्प्रे न मिळाल्यास मऊ ब्रशाने रंग द्यावा. काम सावकाश होते, परंतु घट्ट होते व रंगही वाया जात नाही. दोन्ही रीतींत थिनरच्या वाफेपासून रक्षण करणारा, कोळशाची डबी असलेला मुखवटा वापरावा. औषधफवारणीसाठी तसा मुखवटा शेतकऱ्याच्या घरी असावयासच हवा. नसेल तर ह्या निमित्ताने घ्यावा.

भाजणी

कुंभाराचे मडके जसे भट्टीवाचून कच्चे, तसा उष्णतारोधक रंग भाजणीवाचून कच्चा. तो हवेत हाताला कोरडा लागतो, परंतु पेट्रोलचा एक थेंब पडला तरी विरघळतो. डब्यावरील सूचनेप्रमाणे हवेत वाळल्यानंतर त्यास क्रमाने उष्णता द्यावी. स्वयंपाकाची भट्टी ह्या कामी कधीही वापरू नये. इंजिन गाडीवर चढवून ते चालू करणे हाच सोयीचा मार्ग. पहिल्या खेपेस मंद गतीने पाच मिनिटे चालवावे व पूर्ण थंड होऊ द्यावे. दुसऱ्या खेपेस दहा मिनिटे, पुन्हा थंड. तिसऱ्या खेपेस गाडी रस्त्यावर काढून गावाबाहेर चार-पाच किलोमीटर फेरी मारावी. वाऱ्यावर थंड होणारे इंजिन उभ्या जागी फार तापते, म्हणून पहिल्या दोन खेपांस समोर विजेचा पंखा लावावा. थोडा धूर व उग्र वास येईल. तो स्वाभाविक आहे. मात्र हे काम उघड्यावरच करावे. बंद खोलीत चाललेल्या इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असून त्याने माणूस झोपेत गेल्यासारखा प्राणास मुकतो.

नंतरची निगा

भाजलेला रंग फार मागणी करीत नाही. पंधरवड्यातून एकदा थंड इंजिनावर साबणाचे पाणी व ब्रश फिरवावा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. रंग तडकतोच, प्रसंगी बीडही तडकते. कोठे टवका उडाल्यास तेवढाच भाग घासून, धुऊन, पाण्याची परीक्षा घेऊन ब्रशाने रंगवावा. रंगविलेल्या इंजिनाचा एक अप्रत्यक्ष लाभही आहे. स्वच्छ, सारख्या रंगाच्या पृष्ठभागावर तेलाचा पहिला थेंब गळताच डोळ्यांत भरतो, व दोन बोल्ट आवळून किंवा एक पॅकिंग बदलून काम भागते. मळलेल्या इंजिनावर तोच थेंब महिनोन् महिने लपून राहतो व तेल संपल्यावरच मालकास जाग येते.

बागाईतदारांच्या बुलेटचे बॅरल आता काळे आहे, हेड व क्रँककेस उघडी व स्वच्छ आहेत आणि क्रमांक स्पष्ट वाचता येतो. दुकानातल्या नव्या गाडीसारखे तेज त्या इंजिनास नाही. पण दोन पावसाळे गेले तरी पात्यांच्या मुळाशी गंज नाही व गाळणीत कण नाही.

रंगाचा डबा कोणासही विकत मिळतो. धीर मिळत नाही. आपल्या शेतकरी बंधूंस धीर नवा शिकावयाचा नाही, कारण नांगरटीपासून कापणीपर्यंत त्यांचा सारा धंदाच त्यावर चालतो. तोच धीर त्यांनी पौषातील चार दिवस आपल्या दारच्या यंत्राकडे वळवावा. यंत्र वाचेल, खर्च वाचेल, आणि वाडवडिलांनी जपून मागे ठेविलेली वस्तू आपल्या हातून बिघडली, हे शल्य मनास लागणार नाही.